‘एक वेळ अवश्य भेट द्या’च्या पलीकडे

दुकानाची पाटी, वर्तमानपत्रात घालून वाटलेले पत्रक, चौकात लावलेला फ्लेक्स किंवा व्हॉट्सॲपवरचा मजकूर यांतील ज्या वाक्याने वाचणाऱ्याला पुढे नेमके काय करायचे हे सांगितले जाते, त्याला जाहिरातशास्त्रात ‘कॉल टू ॲक्शन’ म्हणतात आणि मराठीत त्याला कृती-आवाहन म्हणता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकी जाहिरात-व्यावसायिक एलायस सेंट एल्मो लुईस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रानुसार जाहिरात प्रथम लक्ष वेधते, मग उत्सुकता निर्माण करते, नंतर वस्तू हवीशी वाटायला लावते आणि शेवटी कृती घडवून आणते. कृती-आवाहनाचा संबंध या चौथ्या टप्प्याशी आहे. गोंदिया जिल्ह्यातील लहान व्यावसायिकांच्या जाहिरातींत पहिल्या तीन टप्प्यांवर बराच खर्च झालेला दिसतो, कारण रंगीत छपाई असते, देवाचे चित्र असते, मालकाचे नाव ‘प्रो. प्रा.’ या बिरुदासह ठळक अक्षरांत असते. शेवटची ओळ मात्र बहुतेक ठिकाणी एकच असते, ती म्हणजे ‘एक वेळ अवश्य भेट द्या’. या ओळीत वार नाही, वेळ नाही, वस्तूचे नाव नाही आणि भेट दिल्यास काय मिळेल याचाही उल्लेख नाही, त्यामुळे वाचणारा मनातल्या मनात होकार देतो आणि पत्रक बाजूला ठेवतो. जाहिरातीतील ज्या भागाला एक पैसाही जास्त लागत नाही, तोच भाग असा विचार न करता लिहिला जावा, ही लहान व्यवसायाच्या दृष्टीने मोठी हानी आहे.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे आठ तालुके आहेत. मुख्य पीक धानाचे, मुख्य उद्योग राइस मिलचा, आणि त्यांच्या आधाराने उभे राहिलेले असंख्य छोटे व्यवसाय, म्हणजे कृषी सेवा केंद्र, मळणीयंत्र भाड्याने देणारे, मोटार रिवाइंडिंगची दुकाने, शिलाई, किराणा, फोटो स्टुडिओ, शिकवणी वर्ग, खानावळी. हावडा–मुंबई लोहमार्गावरील जंक्शन असल्यामुळे गोंदिया शहराच्या बाजारात शेजारच्या मध्य प्रदेशातील बालाघाट आणि छत्तीसगडमधील गिऱ्हाईकही येते, तर सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या जंगलालगतच्या गावांतील माणूस आठवडी बाजाराच्या दिवशीच तालुक्याला येतो. एकाच पत्रकाने या सर्वांना हलवता येत नाही, आणि म्हणूनच येथे आवाहनाची भाषा पुण्यामुंबईच्या नमुन्यावरून उतरवून घेणे उपयोगाचे ठरत नाही.

उलट नेमके आवाहन कसे असते याचे नमुने या प्रदेशाजवळ जुन्या काळापासून आहेत. गावात कोतवालाने दिलेली दवंडी हा त्यांतील सर्वांत काटेकोर नमुना मानावा लागेल, कारण कोणी यायचे, कोठे यायचे, केव्हा यायचे आणि सोबत काय आणायचे या चार गोष्टी सांगितल्याशिवाय दवंडी पूर्ण होत नसे आणि त्यांपलीकडे तिच्यात शब्द नसत. दुसरा नमुना झाडीपट्टी रंगभूमीचा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांच्या निमित्ताने रात्रभर चालणारी नाटके होतात. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा येथील नाट्यमंडळांना गावातील मंडळ पाचारण करते, तिकिटे विकते आणि भोंगा लावलेली गाडी आसपासच्या गावांतून फिरवते. त्या घोषणेत नाटकाचे नाव, गावाचे नाव, तारीख, वेळ आणि तिकिटाची सोय असते, आणि ऐकणाऱ्याला हेही ठाऊक असते की तो प्रयोग त्या गावात एकाच रात्री होणार आहे. निकड खरी आहे, ठिकाण माहीत आहे, पुढचे पाऊल लहान आहे, म्हणून माणसे थंडीत चादर घेऊन निघतात. त्याच गावातील दुकानदार स्वतःच्या पत्रकावर मात्र ‘आमच्याकडे सर्व प्रकारचा माल योग्य दरात मिळेल’ एवढेच छापतो, तेव्हा डोळ्यांसमोर असलेल्या परंपरेतून त्याने काहीच घेतलेले नसते.

महाराष्ट्राच्या इतिहासात लहान मागणीची ताकद सर्वांत स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण म्हणजे पैसा फंड. स्वदेशी उद्योगांसाठी भांडवल उभारायचे तर श्रीमंतांच्या दाराशी जावे, हा सर्वसाधारण समज बाजूला सारून अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून फक्त एक पैसा मागण्याची योजना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले आणि त्या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला. या आवाहनातील मागणी इतकी लहान होती की नकार देण्यासाठी कारण शोधावे लागले असते; रक्कम ठरलेली होती, म्हणून किती द्यावे हा संकोच नव्हता; आणि दिलेल्या पैशाचे काय होणार हेही सांगितलेले होते. ‘उदार हस्ते मदत करा’ या शब्दांत ही तिन्ही वैशिष्ट्ये नाहीत. आजच्या लहान व्यावसायिकानेही ग्राहकाकडे प्रथम काय मागायचे हे ठरवताना हाच विचार करायला हवा, कारण अनोळखी माणसाकडे थेट खरेदीची मागणी करणे ही मोठी उडी असते, तर भाव विचारण्यासाठी फोन, नमुन्यादाखल एक किलो, मोजमापासाठी घरी बोलावणे ही त्याला सहज टाकता येणारी पावले असतात.

पाऊल लहान असण्याइतकेच ते नेमके असणे महत्त्वाचे आहे, आणि याचा पुरावा जाहिरातीच्या क्षेत्राबाहेरून मिळतो. अमेरिकेतील येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना धनुर्वाताची लस घेण्याचा आग्रह करणाऱ्या पुस्तिका वाचायला दिल्या. काही पुस्तिकांत रोगाचे भीतिदायक वर्णन होते, काहींत सौम्य. वाचून झाल्यावर अनेकांनी लस घ्यायला हवी असे मान्य केले, परंतु प्रत्यक्ष लस घ्यायला गेले ते सुमारे ३ टक्केच. ज्या विद्यार्थ्यांच्या पुस्तिकेत आरोग्य केंद्र दाखवणारा परिसराचा नकाशा, लसीकरणाच्या वेळा आणि आपल्या दिनक्रमात ही फेरी कशी बसवायची याची सूचना होती, त्यांच्यापैकी मात्र सुमारे २८ टक्के गेले. त्या विद्यापीठात शिकणाऱ्यांना आरोग्य केंद्र कोठे आहे हे ठाऊक असणारच. तरीही नकाशा आणि वेळ यांनी फरक पडला, कारण पटलेली गोष्ट आणि केलेली गोष्ट यांच्या मधले अंतर माहितीमुळे नव्हे, तर ‘केव्हा आणि कसे’ याचे उत्तर हाती नसल्यामुळे पडलेले असते. ‘आम्ही तीस वर्षांपासून या गावात आहोत, पत्ता कशाला सांगायचा?’ असे मानणाऱ्या दुकानदारांसाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे.

एखाद्या राइस मिलने किरकोळ विक्रीसाठी काढलेल्या पत्रकाची कल्पना केली, तर हा फरक प्रत्यक्ष मजकुरात पाहता येतो. नेहमीच्या पद्धतीने लिहिले जाईल: ‘उत्तम प्रतीचा तांदूळ योग्य दरात मिळेल. एक वेळ अवश्य भेट द्या.’ याऐवजी असे लिहिता येते: ‘जुना एचएमटी तांदूळ. आधी एक किलो न्या, शिजवून पाहा. पसंत पडला तरच पोते घ्या. मिलचे किरकोळ दुकान दररोज सकाळी ९ ते दुपारी १ उघडे. भाव रोज फळ्यावर लिहिलेला असतो.’ दुसऱ्या मजकुरात ‘उत्तम’ हा शब्दच नाही, तरीही तो अधिक विश्वास निर्माण करतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतात निवड करून विकसित केलेल्या एचएमटी वाणाचे नाव घेताच पूर्व विदर्भातील गृहिणीला दाण्याचा आकार आणि भाताचा मऊपणा कळतो. ‘जुना’ म्हटल्यावर भात मोकळा होईल हे कळते. नेमका शब्द तेथे गुणवर्णनाचे काम करतो. ‘एक किलो न्या’ ही मागणी लहान आहे, ‘पसंत पडला तरच’ या शब्दांनी फसवले जाण्याची भीती कमी होते, वेळ दिलेली असल्यामुळे फेरी वाया जाण्याची शंका उरत नाही आणि भाव फळ्यावर असल्याचे सांगितल्याने घासाघीस करण्याचा संकोच असलेला माणूसही येतो. आवाहन लिहिणे म्हणजे ग्राहकाच्या मनातील अडथळे ओळखून त्यांपैकी सर्वांत मोठा अडथळा त्या एका ओळीत दूर करणे होय. अडथळा कोणता हे दुकानदाराला गल्ल्यावर बसून रोज ऐकू येत असते, फक्त ते पत्रकात लिहिण्याची सवय नसते.

एका पत्रकात एकच कृती असावी, हा नियम पाळणे ऐकायला सोपे आणि करायला कठीण आहे. भेट द्या, फोन करा, व्हॉट्सॲप करा, फेसबुकवर पाहा, मित्रांना सांगा, असे पाच आदेश एकाखाली एक आले की त्यांतील कोणता आधी पाळायचा हे ठरवण्याचे काम वाचणाऱ्यावर पडते आणि तो ते टाळतो. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात किराणा दुकानात २४ प्रकारचे जॅम मांडले तेव्हा थांबून पाहणारे अधिक होते, पण ६ प्रकार मांडले तेव्हा विकत घेणारे कितीतरी अधिक निघाले. जॅमला जे लागू पडते ते दूरध्वनी क्रमांकांनाही पडते. पत्रकावर चार क्रमांक छापल्याने सोय वाढत नाही, उलट कोणता लागतो याची शंका वाढते.

यापुढचा प्रश्न काळाचा आहे, आणि गोंदियात तो धानाच्या वेळापत्रकापासून वेगळा काढता येत नाही. जूनमध्ये परे टाकण्याची, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणीची धांदल असते. त्या दिवसांत शेतकरी कुटुंबाजवळ पैसाही कमी आणि उसंतही कमी असते. दिवाळीच्या सुमारास हलके धान निघते, त्यानंतर भारी धानाची कापणी आणि मळणी होते, आणि आधारभूत खरेदी केंद्रावर विकलेल्या धानाची रक्कम नंतर बँक खात्यात जमा होते. म्हणजे धान घरातून गेले तरी पैसा हाती येण्यास मधे काळ जातो. सिंचनाची सोय असलेल्या भागात उन्हाळी धान घेतले जाते आणि जंगलालगतच्या गावांत मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले व त्यानंतर तेंदूपत्ता संकलन यांतून रोख मजुरी मिळते. याच काळात लग्नसराईही असते. ही लय लक्षात न घेता जुलैमध्ये ‘आजच खरेदी करा’ असे म्हणणारा फर्निचर विक्रेता योग्य वाक्य अयोग्य महिन्यात बोलत असतो. त्याच महिन्यात त्याने ‘लग्नासाठीचा पलंग आता पसंत करून नाव नोंदवा, उचल धान विकल्यावर’ असे म्हटले, तर मागणी ग्राहकाच्या आवाक्यात येते. अर्थात भाव तोवर तोच राहील की नाही, हे त्याने त्याच ओळीत सांगितले पाहिजे, अन्यथा नोंदणी ही वादाची सुरुवात ठरते.

वेळेचे आवाहन सर्वांत चांगले तेव्हा होते जेव्हा ते घड्याळाऐवजी कामाशी बांधलेले असते. मळणीयंत्र भाड्याने देणाऱ्याने ‘त्वरित संपर्क साधा’ म्हणण्यात अर्थ नाही, कारण धान उभे असताना त्वरा कोणालाच नसते. ‘कापणी सुरू कराल त्या दिवशीच फोन करून मळणीचा दिवस ठरवून घ्या’ हे वाक्य मात्र शेतकऱ्याच्या स्मरणात कापणीच्या खुणेने राहते. शिलाई करणाऱ्याने भाऊबीजेनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडया लक्षात घेऊन ‘आपल्या गावच्या मंडईच्या दहा दिवस आधी माप द्या’ असे म्हणावे, मोटार रिवाइंडिंगवाल्याने उन्हाळी धानाच्या आधी ‘पंप शेतात बसवण्यापूर्वी एकदा तपासून घ्या’ असे म्हणावे. अशा वाक्यांत ग्राहकाच्या जीवनाची ओळख दिसते, आणि ती ओळख हीच लहान व्यावसायिकाची मोठ्या कंपनीवरील मात आहे. मुंबईत तयार झालेली जाहिरात हलक्या आणि भारी धानातील अंतर जाणून बोलू शकत नाही.

भाषेच्या बाबतीत गोंदियाची स्थिती विशेष आहे. घरात कोठे पोवारी, कोठे गोंडी, कोठे झाडीबोली, शहरातील बाजारात हिंदी, शाळेत आणि कार्यालयात मराठी, असा व्यवहार येथे अंगवळणी पडलेला आहे. दुकानांच्या नामफलकांविषयीच्या राज्याच्या कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मराठी देवनागरीतील नामफलक लहान आस्थापनांनाही बंधनकारक झाला. तो फलक ओळखीसाठी असतो. पत्रकातील आवाहन मात्र ज्याच्या हाती जाणार त्याच्या बोलण्याजवळ जाणारे असावे, आणि बालाघाटकडील गिऱ्हाईक असेल तर तीच ओळ हिंदीतही द्यावी. मराठीतसुद्धा ‘संपर्क साधावा’, ‘लाभ घ्यावा’ ही सरकारी सूचनेची वळणे टाळून ‘फोन करा’, ‘माप द्या’, ‘चाखून पाहा’ अशी साधी आज्ञार्थी क्रियापदे वापरली की वाचणाऱ्याला कृती डोळ्यांसमोर दिसते. आज्ञार्थ उद्धट वाटेल ही भीती अनाठायी आहे. ‘या’, ‘बसा’, ‘पाहा’ हे विदर्भातील आदरातिथ्याचेच शब्द आहेत.

माध्यम बदलले की आवाहनाचे स्वरूप बदलते. २०१६ पासून रूढ झालेली यूपीआय पद्धती आणि जानेवारी २०१८ मध्ये आलेले व्हॉट्सॲप बिझनेस हे लहान व्यवसायांसाठी वेगळे तयार केलेले ॲप, या दोहोंमुळे चौकशी, मागणी आणि पैसे देणे हे एकाच फोनवर होऊ लागले आहे. या सोयीबरोबर एक जबाबदारी येते, जिच्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. ‘व्हॉट्सॲपवर मागणी कळवा’ असे छापल्यावर तो क्रमांक जर नागपुरात शिकणाऱ्या मुलाच्या फोनमध्ये असेल आणि उत्तर दुसऱ्या दिवशी जाणार असेल, तर आवाहनाने ग्राहक मिळण्याऐवजी गमावला जातो. प्रत्येक आवाहन हा दुकानदाराने ग्राहकाला दिलेला शब्द असतो. फोन करा म्हटले की फोन उचलणे, ९ वाजता या म्हटले की ९ वाजता शटर वर असणे, नमुना न्या म्हटले की नमुन्याची पाकिटे भरून तयार असणे, हे सर्व त्या शब्दात येते. म्हणून लिहिण्यापूर्वी दुकानात कोण, केव्हा, कशासाठी मोकळे असते याचा हिशेब मांडावा आणि जेवढे निभावता येईल तेवढेच मागावे. दुपारी फोन घेता येत नसेल तर ‘फोन संध्याकाळी ५ नंतर’ असे स्वच्छ लिहिण्यात कमीपणा नाही. जंगलालगतच्या गावांत नेटवर्क येते-जाते, तेथील ग्राहकांसाठी बाजाराच्या दिवशी बसण्याचे ठिकाण सांगणे लिंक पाठवण्यापेक्षा उपयोगी पडते. भोंग्याची गाडी फिरवताना २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ वर्ज्य आहे, आणि परवानगीशिवाय भिंती रंगवणे किंवा फलक चिकटवणे हे राज्याच्या १९९५ च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याखाली येते, हेही लक्षात ठेवावे.

खोट्या घाईचा प्रश्न याहून गंभीर आहे. ‘शेवटचे दोन दिवस’ असा फलक महिनाभर टांगलेला राहणे ही सर्वत्र दिसणारी गोष्ट आहे, आणि तिच्यामागे वस्तू संपत आल्याचे सांगितले की माणूस लवकर निर्णय घेतो हे निरीक्षण आहे. रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रभावशास्त्रावरील ग्रंथात दुर्मिळतेचा हा परिणाम सविस्तर मांडला. पण परिणाम होतो म्हणून तो वापरावा असे त्यातून निघत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. त्याखाली जुलै २०२० मध्ये स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीसाठी उत्पादकाला किंवा तिची भलामण करणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आमिष जाहिरातीविषयी, म्हणजे विकण्याची रास्त शक्यता नसताना अत्यल्प भाव दाखवून ग्राहकाला बोलावण्याविषयी, आणि ‘मोफत’ या शब्दाच्या वापराविषयी अटी घातल्या आहेत, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या १३ ऑनलाइन रचनांची यादी जाहीर झाली आणि तिच्यात खोट्या निकडीचा समावेश आहे. तालुक्याच्या गावातील दुकानदारावर प्राधिकरणाची नोटीस येण्याची शक्यता कमी असेल, पण त्याहून कडक न्यायनिवाडा गावाची स्मृती करते. महानगरात फसवलेला ग्राहक गर्दीत हरवतो. आमगावात किंवा सडक अर्जुनीत तो पुढच्या बाजारी समोर येतो, सोबत त्याचा सोयरा असतो, आणि दोघांनाही तो फलक आठवत असतो. निकड सांगायचीच तर खरी सांगावी: यंदाचे बियाणे किती पोती उरले, मळणीयंत्र कोणत्या आठवड्यात कोणत्या गावी असेल, शिकवणी वर्गात किती जागा आहेत. खऱ्या मर्यादेला जोर देण्यासाठी उद्गारचिन्हांची गरज नसते.

दूरच्या ग्राहकासाठी मात्र सगळे गणित बदलते. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या भोवती घरगुती निवास, जेवण, गाडीची सोय असे व्यवसाय उभे राहत आहेत, आणि व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’ या पुस्तकामुळे हे नाव मराठी वाचकाला अनेक दशकांपासून परिचित आहे. त्यामुळे पुण्याच्या किंवा नागपूरच्या कुटुंबाला उत्सुकता आधीच असते; अडचण असते ती नियोजनाची. त्याला ‘एकदा अवश्य भेट द्या’ म्हणण्याने काही साधत नाही, कारण भेट ही त्याच्यासाठी रजा, रेल्वेचे आरक्षण आणि सफारीची नोंदणी झाल्यानंतरची शेवटची पायरी आहे. येथे योग्य आवाहन ‘तारखा आणि माणसांची संख्या कळवा, त्या दिवशी खोली आहे की नाही, सफारीची नोंदणी कशी करायची आणि गोंदिया स्थानकावरून कसे यायचे हे एकाच निरोपात कळवू’ असे असेल. पावसाळ्यात जंगल पर्यटनासाठी बंद असते हेही तेथेच सांगावे, म्हणजे निराश होऊन परतणारा पाहुणा निर्माण होत नाही.

महिला बचतगटांच्या बाबतीत आवाहनाची एक जागा पूर्णपणे दुर्लक्षित राहिली आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे १९७५ मध्ये स्थापन झालेले ‘माविम’, आणि ग्रामीण जीवनोन्नतीचे ‘उमेद’ अभियान यांच्या प्रदर्शनांत गटांचा माल चांगला खपतो, पण प्रदर्शन संपल्यावर घेणाऱ्याला तोच पापड, तीच चटणी, तोच हातसडीचा तांदूळ पुन्हा कोठे मिळेल हे कळत नाही, कारण वेष्टनावर गटाचे नाव ठळक असते आणि पुढे काय करायचे हे कोठेच नसते. वस्तू आवडल्याची खात्री ग्राहकाला ती संपत आल्यावर होते. त्या क्षणी त्याच्या हातात पाकीटच असते. म्हणून पाकिटाच्या मागच्या बाजूला, शक्यतो तळाशी, ‘संपत आले? या क्रमांकावर फक्त “पापड” असे लिहून पाठवा, पोहोचवण्याचा दिवस कळवू’ अशी एक ओळ छापावी. या ओळीचा खर्च जवळजवळ शून्य आहे आणि ती ज्याच्यासमोर येते तो आधीच समाधानी ग्राहक असतो. जिल्ह्यातील गटांना प्रशिक्षण देणाऱ्यांनी वेष्टनाच्या रंगसंगतीवर जेवढा वेळ दिला जातो त्याच्या निम्मा तरी या ओळीवर द्यावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

कोणते आवाहन चालते हे शेवटी मतावर नव्हे, मोजणीवर ठरते. अमेरिकी जाहिरात-लेखक क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ च्या ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ या छोट्या पुस्तकात सांगितलेली पद्धत, म्हणजे जाहिरातीत कापून आणायचे कुपन ठेवणे आणि कोणत्या मजकुराची कुपने अधिक परत येतात ते पाहणे, तालुक्याच्या दुकानालाही परवडणारी आहे. अर्धी पत्रके एका मजकुराची आणि अर्धी दुसऱ्या मजकुराची छापावीत, दोन्हींवर ‘हा कागद सोबत आणा’ असे लिहावे, कोपऱ्यात वेगळी खूण करावी, दोन्ही प्रकार त्याच गावांत आणि त्याच आठवड्यात वाटावेत आणि परत आलेले कागद गल्ल्यात ठेवून महिन्याअखेर मोजावेत. एका वेळी मजकुरातील एकच गोष्ट बदलावी, नाहीतर फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही. वहीतील दोन रकाने एवढीच या संशोधनाची सामग्री आहे.

येत्या दिवाळीसाठी पत्रक छापायला देण्यापूर्वी व्यावसायिकांनी त्याचा कच्चा मसुदा दुकानाशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाच्या हाती द्यावा, तो वाचून झाल्यावर काढून घ्यावा आणि ‘आता तुम्ही काय कराल, केव्हा कराल?’ एवढेच विचारावे. त्याला एका वाक्यात उत्तर देता आले नाही, तर छपाई थांबवावी आणि शेवटची ओळ पुन्हा लिहावी.